ऑस्ट्रेलियातल्या वर्गात ॲबोरिजिनल संस्कृती: मराठी शिक्षकांनी तयारी कशी करावी

ऑस्ट्रेलियात शिक्षक म्हणून नोंदणी करायला घेतली की १.४ आणि २.४ हे दोन आकडे लवकरच पाठ होतात. शिक्षकांच्या राष्ट्रीय मानकांमधले हे मुद्दे. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना नीट शिकवता आलं पाहिजे, हा पहिला. वर्गातल्या सगळ्याच मुलांना या समाजांचा इतिहास, संस्कृती आणि भाषा कळाव्यात, त्यांच्याबद्दल आदर वाटावा अशी संधी दिली पाहिजे, हा दुसरा. राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा विषय तीन 'क्रॉस-करिक्युलम प्रायॉरिटीं'पैकी एक आहे. म्हणजे तो इतिहासाच्या तासापुरता नाही, विज्ञान, गणित, चित्रकला सगळीकडे यायला हवा. चाइल्डकेअर आणि किंडरच्या आराखड्यातही तो आहे, आणि तिथे तर आपल्या मराठी बायका बऱ्याच काम करतात.

अडचण पुढे येते. कागदावर मुद्दा दिसतो, पण सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं ते कोणी सांगत नाही. मग काहीजण नेटवरून ठिपक्यांच्या चित्राचं वर्कशीट काढून रंगवायला देतात, आणि काहीजण चुकलं तर काय या भीतीने विषयाला हातच लावत नाहीत. दोघांचीही सुरुवात एकाच चुकीच्या प्रश्नापासून झालेली असते: मी काय शिकवू? त्याआधीचा प्रश्न असा आहे, की हे ज्ञान कोणाचं आहे आणि ते वर्गात आणायला त्यांची संमती आहे का. या विषयातले तज्ज्ञ आपण नाही आणि व्हायचंही नाही. ज्यांचं ज्ञान आहे त्यांचा आवाज मुलांपर्यंत नीट पोचवणं एवढं आपलं काम, आणि तेवढंही मन लावून करायला पुष्कळ आहे.

मी मेलबर्नमध्ये शिकवते, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. दुसऱ्या राज्यात संस्था आणि नावं बदलतील, क्रम बदलायचं कारण नाही.

पहिली पायरी: शाळा कोणाच्या कंट्रीवर आहे?

'कंट्री' म्हणजे इथे नुसती जमीन नाही. पाणी, आकाश, प्राणी, माणसं, भाषा आणि या सगळ्यांबद्दलची जबाबदारी त्यात आली. ऑस्ट्रेलियात अशा अडीचशेहून जास्त भाषा होत्या. 'ॲबोरिजिनल संस्कृती' असं एकवचनात बोलायला लागलो की तिथेच घोटाळा सुरू होतो. पर्थचे नूंगार आणि मेलबर्नचे वुरुंजेरी यांच्यात अंतर आहे, ऋतू वेगळे आहेत, भाषा वेगळ्या आहेत. टॉरेस स्ट्रेट आयलंडर तर वेगळाच समाज आहे, क्वीन्सलंडच्या टोकाशी असलेल्या बेटांवरचा.

कॅनबेराच्या आयॅटसिस या संस्थेचा ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या भाषासमूहांचा नकाशा प्रसिद्ध आहे. तो मोठा छापून वर्गात लावा. पण त्यातल्या सीमा ढोबळ आहेत, तेव्हा शाळेच्या पत्त्यासाठी तेवढ्यावर विसंबू नका. व्हिक्टोरियात ॲबोरिजिनल हेरिटेज कौन्सिलचा वेगळा नकाशा आहे, त्यात कोणत्या भागासाठी कोणती ॲबोरिजिनल संस्था अधिकृत आहे ते दिसतं. मेलबर्न आणि भोवतालचा मुलूख कुलिन राष्ट्राचा. वुरुंजेरी वोई-वुरुंग, बूनुराँग, वाडावुरुंग, ताउंगुरुंग आणि जा जा वुरुंग हे त्यातले पाच समाज. वुरुंजेरी आणि बूनुराँग यांच्यामधली मेलबर्नमधली अधिकृत हद्द १ जुलै २०२१ पासून नव्याने ठरली. शाळेच्या फलकावरचा किंवा वेबसाइटवरचा मजकूर त्याआधीचा असेल तर आधी तो तपासा. मेलबर्नच्या पश्चिमेच्या विंडमसारख्या भागात, जिथे आपली वस्ती दाट आहे, एकाच कौन्सिलच्या हद्दीत एकाहून जास्त समाजांची कंट्री येते. तिथल्याच टार्नीटच्या शाळेतला मजकूर पॉइंट कुकच्या शाळेत तसाच्या तसा चालेल असं धरून चालू नका.

दुसरी पायरी: शाळेने काय केलं होतं ते आधी वाचा

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि नंतर ॲबोरिजिनल पालक शाळेच्या कार्यक्रमाला का येत नाहीत याचं आश्चर्य करत बसतात.

न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून काढून टाकता येत असे. मुख्याध्यापकांचा हा अधिकार १९७२ पर्यंत कागदावर होता. १९७२ साली सहा वर्षांची असलेली मुलगी आज साठीच्या आसपास आहे. म्हणजे ती आज तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आजी असू शकते. त्याच्याच जोडीला स्टोलन जनरेशन्स: विसाव्या शतकात कित्येक दशकं सरकारी धोरण म्हणून मुलांना आईबापांपासून उचलून मिशन, संस्था आणि गोऱ्या घरांमध्ये ठेवलं गेलं. त्याचा राष्ट्रीय चौकशी अहवाल २६ मे १९९७ रोजी संसदेत मांडला गेला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. तेव्हा 'शाळेतून फोन आलाय' एवढ्यावरच एखाद्या घरात पोटात गोळा येत असेल, तर त्यामागे हा इतिहास आहे.

याचा वर्गातला परिणाम अगदी साधा आणि रोजचा आहे. उदाहरणार्थ वंशवृक्ष. 'आजी-आजोबा, पणजी-पणजोबांची नावं लिहून आणा' हा आपल्याला निरुपद्रवी वाटणारा गृहपाठ, पण ज्या घरात आजीलाच तिचे आईवडील माहीत नाहीत तिथे तो जखम उघडी करतो. त्याऐवजी 'माझी माणसं' असं पान द्या. मूल ज्यांना आपलं मानतं त्यांची नावं लिहील, नात्याची चौकट तुम्ही आखू नका. फॉस्टर केअरमधल्या मुलांनाही याचा उपयोग होतो.

आपल्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'आम्हीही इंग्रजांचं राज्य सोसलंय' असं आपल्या तोंडी पटकन येतं. ते खरं आहे आणि त्यातून सहानुभूती येते, पण भारतातून इंग्रज गेले, इथून ते गेले नाहीत. आणि आपण घेतलेलं घर त्याच जमिनीवर आहे. ॲबोरिजिनल सहकाऱ्याशी पहिल्याच भेटीत ही तुलना काढू नका. त्यांचं ऐकून घ्या, ओळख वाढली की तेही आपलं विचारतात.

तिसरी पायरी: माणसं आधी, कार्यक्रम नंतर

शाळेचा रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन, म्हणजे 'रॅप' (मूळ रहिवाशांशी सलोखा वाढवण्यासाठी शाळा काय करणार याचा आराखडा), आहे का ते ऑफिसात विचारा. रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलियाच्या नॅरागुनावाली या कार्यक्रमातून शाळा आणि बालकेंद्रं तो तयार करतात. व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांना कूरी एंगेजमेंट सपोर्ट ऑफिसर असतात (कूरी हे आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांचं नाव). तुमच्या शाळेचे कोण ते शोधा आणि पहिला मेल त्यांना करा. व्हीएईएआय ही व्हिक्टोरियातली ॲबोरिजिनल शिक्षणाची समाजाची स्वतःची संस्था आहे, न्यू साउथ वेल्समध्ये तेच काम एईसीजी करते. दोघांच्या स्थानिक शाखा आहेत.

मेलमध्ये काय लिहायचं? तुम्ही कोण, कोणत्या इयत्तेला शिकवता, मुलांबरोबर काय करायचा विचार आहे, शाळेने किती पैसे बाजूला ठेवलेत, आणि तुम्हाला कोणत्या गोष्टीबद्दल सल्ला हवा आहे. एवढं पुरे. 'नेडॉक वीकला कोणीतरी पाठवा' असा मेल जूनच्या शेवटी पाठवू नका. नेडॉक सप्ताह, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर संस्कृतीचा उत्सव, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रिकन्सिलिएशन वीक २७ मे ते ३ जून. या दिवसांत प्रत्येक एल्डरला, म्हणजे समाजातल्या मानाच्या ज्येष्ठ व्यक्तीला, दहा ठिकाणची बोलावणी असतात. फेब्रुवारीत विचारा, किंवा सरळ ऑगस्टमधली तारीख मागा. संस्कृती वर्षभर असते.

पैशांबद्दल आपल्याकडे संकोच असतो. इथे तो बाजूला ठेवा. एल्डर किंवा कलाकार वर्गात येतात तेव्हा ते त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान घेऊन येतात. शाळेत येऊन विज्ञानाचे प्रयोग दाखवणाऱ्या इन्कर्शनवाल्या कंपनीला शाळा बिनबोभाट पैसे देते, तसेच इथेही द्यायचे, आणि वेळेवर.

भेटीच्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टींवरून आदर कळतो. गाडी लावायला ऑफिसजवळ जागा राखून ठेवा. दारात घ्यायला स्वतः जा, बसायला पाठीची खुर्ची, पाणी, चहा ठेवा. फोटो काढायचे का, रेकॉर्डिंग चालेल का, शाळेच्या फेसबुकवर टाकायचं का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण एकाला हो म्हणजे तिन्हींना हो होत नाही. सॉरी बिझनेस, म्हणजे समाजात मृत्यू झाला की पाळायचे विधी आणि जबाबदाऱ्या, यामुळे भेट आयत्या वेळी रद्द होऊ शकते. तेव्हा कारण खोदून विचारू नका, दुसरी तारीख द्या.

हाक मारण्याबद्दलही. एल्डर्सना 'आंटी' आणि 'अंकल' म्हणतात. आपल्याला वयस्कर माणसाला काका-मावशी म्हणायची इतकी सवय असते की ते आपसूक तोंडात येतं. इथे मात्र हा समाजाने दिलेला मान आहे, नुसत्या वयाने मिळत नाही. 'तुम्हाला काय म्हणू?' असं आधी विचारा आणि मुलांनाही तेच शिकवून ठेवा.

चौथी पायरी: ॲक्नॉलेजमेंट मुलांबरोबर लिहा

वेलकम टू कंट्री, म्हणजे आपल्या कंट्रीवर पाहुण्यांचं स्वागत, आणि ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री, म्हणजे आपण कोणाच्या कंट्रीवर आहोत हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला आदराने सांगणं, यांत गल्लत नको. वेलकम फक्त त्या जमिनीचे पारंपरिक मालक, किंवा त्यांनी नेमलेले, देऊ शकतात. दुसऱ्या भागातून आलेली ॲबोरिजिनल व्यक्तीही तिथे ते देत नाही. ॲक्नॉलेजमेंट कोणीही करू शकतं, पाच वर्षांचं मूलसुद्धा.

पण आपण शाळेत 'भारत माझा देश आहे' जसं एका सुरात म्हणून मोकळे होत असू, तसं इथेही चटकन होतं. मुलं ओळी म्हणतात आणि डोळे घड्याळावर असतात. म्हणून मजकूर मुलांनाच लिहायला लावा. त्याला आठवडाभर द्या. पहिल्या दिवशी मुलांना मैदानावर न्या आणि काय दिसतं, काय ऐकू येतं ते टिपायला सांगा: रेड गमचं झाड, मॅगपाय, पलीकडची खाडी. दुसऱ्या दिवशी ही कोणाची कंट्री ते नकाशावर बघा आणि नावाचा उच्चार त्या समाजाच्या स्वतःच्या व्हिडिओतून ऐका. मग प्रत्येक गटाला विचारा: या जागेची काळजी घ्यायला आपण काय करणार? उत्तरं ठोस यायला हवीत. 'आम्ही आदर करू' हे वाक्य पुरेसं नाही. 'खाडीत प्लास्टिक जाऊ देणार नाही' हे चालेल. शेवटी तीन-चार वाक्यं उरतात आणि ती मुलांची स्वतःची असतात. दर टर्मला ती बदलू द्या.

हेच मराठी शाळेत आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमातही व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मेलबर्नच्या ईशान्येकडे असाल तर साधं असं म्हणता येईल: 'आज आपण वुरुंजेरी वोई-वुरुंग लोकांच्या कंट्रीवर जमलो आहोत. हजारो वर्षं त्यांनी ही जमीन, ही नदी सांभाळली. इथल्या एल्डर्सना आमचा नमस्कार. ही जमीन त्यांनी कधीच कोणाला देऊन टाकलेली नाही, हे आम्ही लक्षात ठेवतो.' गणेशोत्सवात हे मराठीत ऐकलं की आपल्या मुलांना घर आणि शाळा या दोन वेगळ्या दुनिया वाटत नाहीत.

पाचवी पायरी: जुनी वर्कशीटं चाळणीतून काढा

इथे थोडं थांबून काम करावं लागतं, कारण वाईट हेतू कुठेच नसतो आणि तरी नुकसान होतं.

ठिपक्यांची चित्रं घ्या. आज जगभर ओळखली जाणारी ही चित्रशैली ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला असलेल्या पापुन्या वस्तीत १९७१ मध्ये आकाराला आली. तिथले शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या पुरुषांनी आपल्या रचना भिंतीवर आणि फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली. त्या खुणांमागे विशिष्ट जागा आणि विशिष्ट माणसांचे हक्क आहेत, आणि पवित्र भाग झाकण्यासाठीही ठिपक्यांचा वापर झाला. मेलबर्नच्या मुलाने कॉटन बडने कांगारूवर ठिपके दिले तर तो वाळवंटातल्या कोणाची तरी भाषा अर्थाशिवाय बोलतो, आणि जिथे शाळा आहे तिथली कला मात्र त्याला कळतच नाही. आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या कलेत रेषा आहेत, समांतर आणि चौकटीच्या नक्ष्या आहेत, पॉसमच्या कातड्याच्या झग्यांवर कोरलेल्या खुणा आहेत. फेडरेशन स्क्वेअरमधल्या कूरी हेरिटेज ट्रस्टमध्ये किंवा मेलबर्न म्युझियमच्या बुंजिलाका दालनात मुलांना न्या. एका कलाकाराचं एक चित्र तास-दीड तास बघू द्या. नाव, समाज, कंट्री लिहून घ्या. मग स्वतःच्या जागेबद्दल, स्वतःच्या खुणांनी चित्र काढायला सांगा. नक्कल कुठेही करायची नाही.

डिजरीडू उत्तरेकडचं, मुख्यतः अर्नहेम लँड परिसरातलं वाद्य. अनेक समाजांत ते फक्त पुरुष वाजवतात. संगीताच्या तासाला ते सगळ्यांच्या हातात फिरवू नका. पुठ्ठ्याच्या नळीचा 'डिजरीडू' तर नकोच.

ड्रीमिंगच्या, म्हणजे सृष्टीच्या निर्मितीच्या आणि पूर्वजांच्या, कथांना 'दंतकथा' किंवा 'परीकथा' म्हणू नका, आणि 'आता तुमची स्वतःची ड्रीमटाइम गोष्ट लिहा' हा गृहपाठ कायमचा काढून टाका. या गोष्टींमध्ये कायदा, भूगोल आणि श्रद्धा आहे. सांगण्याचा हक्क ठरावीक माणसांकडे असतो. वाचायची असेल तर ॲबोरिजिनल लेखकाने लिहिलेली, त्या समाजाने खुली केलेली निवडा. ब्रूमच्या मगाबाला बुक्ससारखं ॲबोरिजिनल मालकीचं प्रकाशन पहिल्यांदा बघा. चेहरे रंगवणं आणि वेशभूषा हेही बंद.

दुकानातल्या वस्तू घेतानाही विचारा कोणी बनवली. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड केला, कारण इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरीडू ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल म्हणून विकली जात होती.

जुने व्हिडिओ दाखवण्याआधी, यात मृत व्यक्तींची नावं किंवा चित्रं असू शकतात, अशी सूचना मुलांना द्या. अनेक समाजांत मृत व्यक्तीचं नाव घेणं किंवा चित्र बघणं टाळतात.

झेंडे बिनधास्त वापरा, फक्त त्यांची माहिती ठेवा. ॲबोरिजिनल झेंडा लुरिचा समाजाचे हॅरोल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये तयार केला. २०२२ च्या जानेवारीत त्याचे हक्क सरकारकडे आले, त्यामुळे तो आता सगळ्यांना मोकळा आहे. टॉरेस स्ट्रेट आयलंडर झेंडा बर्नार्ड नामोक यांचा, १९९२ चा. त्याचे हक्क तिथल्या प्रादेशिक कौन्सिलकडे आहेत, छापायचा तर त्यांची परवानगी घ्या.

सहावी पायरी: विषयाच्या तासात आणा

एवढं गाळल्यावर उरलं काय, असं वाटेल. उरलेलंच खरं समृद्ध आहे.

विज्ञानासाठी ऋतूंपासून सुरू करा. वरच्या यारा खोऱ्यातल्या वुरुंजेरी ज्ञानात वर्षाचे सात ऋतू आहेत: कोरडा बिडेराप, ईलचा युक, वॉम्बॅटचा वारिंग, ऑर्किडचा गुलिंग, बेडूकमाशांचा पूर्नीट, गवत फुलण्याचा बुआथ गुरू आणि कांगारू-ॲपलचा गारावांग. तारखेपेक्षा निसर्गात काय घडतंय यावर ते बदलतात. मुलांना वर्षभर वही ठेवायला लावा: आज काय फुललं, कोणता पक्षी आला, सकाळी धुकं होतं का. सप्टेंबरमध्ये मुलंच येऊन सांगतात की डबक्यात बेडूकमासे दिसले. कॅलेंडरवरचा 'स्प्रिंग' आणि पूर्नीट यांची तुलना मग त्यांची तीच करतात.

मैदानाचा कोपरा मिळाला तर मुर्नाँग लावा. डँडेलियनसारखं पिवळं फूल, मान खाली घातलेली कळी, आणि मातीखाली छोटे कंद. इथल्या बायका काठीने ते उकरून काढत आणि भाजून खात. १८३५ नंतर मेंढ्या आल्या, त्यांनी तो मुळासकट खाल्ला आणि खुरांनी जमीन कडक झाली. मुलांना एकाच वाफ्यातून वनस्पतिशास्त्र, अन्न आणि वसाहतीचा इतिहास कळतो. रोपं स्थानिक देशी झाडांच्या नर्सरीत मिळतात, माती भुसभुशीत हवी. वाफा करण्याआधी आपल्या कूरी ऑफिसरशी बोला, कदाचित लावणीच्या दिवशी कोणी येईलही.

गणित आणि भूगोलासाठी बज बिम. पश्चिम व्हिक्टोरियात गुंडिचमारा लोकांनी लाव्हाच्या दगडांत कालवे आणि बांध घालून ईल, म्हणजे आपला वाम, पकडण्याची आणि वाढवण्याची व्यवस्था उभी केली. तिचे काही भाग ६,६०० वर्षं जुने आहेत. २०१९ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. वाळू, खडे आणि पाणी देऊन मुलांना उतार आणि प्रवाह करून बघू द्या. 'इथले लोक नुसते भटकत होते' हे वाक्य ज्याच्या डोक्यात असेल त्याला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आकाशाच्या तासाला कृत्तिका आहेतच. अनेक ॲबोरिजिनल समाजांत त्या सात बहिणी. भारतीय घरातल्या मुलाला कार्तिकेयाच्या मातांची गोष्ट माहीत असते, ती त्याला सांगू द्या. सात बहिणींच्या गोष्टीचे काही भाग मात्र सर्वांसाठी नसतात, तेव्हा समाजाने जाहीर केलेली आवृत्तीच वापरा.

वर्गात ॲबोरिजिनल मूल असेल तर

त्याला 'तुमच्यात काय करतात, सांग बरं' असं सगळ्यांसमोर विचारू नका. तो नऊ वर्षांचा मुलगा आहे, राजदूत नाही. त्याचा रंग गोरा असू शकतो, तो शहरात वाढलेला असू शकतो, भाषा येत नसेल. 'किती टक्के ॲबोरिजिनल?' हा प्रश्न कोणी विचारला तर तिथेच थांबवा. घरच्यांशी वर्षाच्या सुरुवातीला बोला, काय केलेलं आवडेल आणि काय नको ते त्यांच्याकडून घ्या.

अवघड तारखा, अवघड पालक

२६ जानेवारी आपला प्रजासत्ताक दिन, इथला ऑस्ट्रेलिया डे, आणि १७८८ मध्ये सिडनीच्या खाडीत ब्रिटिश झेंडा लागला तो दिवस. अनेक ॲबोरिजिनल लोक त्याला आक्रमणाचा किंवा तगून राहिल्याचा दिवस म्हणतात. सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू होत असते आणि मुलं विचारतातच. सगळी नावं सांगा, कोण का म्हणतं ते सांगा. लहान मुलांशी हिंसेचे तपशील नकोत, पण खोटंही नको.

'आमच्या मुलाला हे कशाला?' असं विचारणारे पालक कधी आपलेच असतात, २०२३ च्या 'व्हॉइस' सार्वमतानंतर (मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी संस्था राज्यघटनेत आणावी का, यावरच्या) तर जास्तच. अभ्यासक्रम दाखवा, वही दाखवा, मुर्नाँगचा वाफा दाखवा. वाद घालायची गरज क्वचित पडते.

कागद नीट ठेवा

प्रत्येक धड्यासाठी एक पान: मजकूर कोणाकडून आला, कोणत्या समाजाचा, परवानगी कोणी, कधी आणि कशासाठी दिली. भिंतीवर लावण्याआधी मुलांचं काम त्या एल्डरला दाखवा आणि ते सांगतील तो बदल करा. परवानगी त्या वापरापुरती असते. वर्गात सांगायला दिलेली गोष्ट शाळेच्या मासिकात छापायची असेल तर पुन्हा विचारायचं. आणि तुम्ही शाळा सोडाल तेव्हा ही पानं पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या, एल्डरना फोन करून त्या शिक्षकाची ओळख करून द्या.